शनीचे ‘कडे’, ‘वलय’ आणि ‘खळे’ : एक परिभाषाविचार

शनिग्रहाभोवती दिसणाऱ्या वेढ्यास मराठीत ‘कडे’ व ‘वलय’ असे दोन शब्द रूढ आहेत. पहिला बोलीतला व दुसरा शास्त्रीय, असा भेद सामान्यतः गृहीत धरला जातो, आणि दुसऱ्याची शास्त्रीयता त्याच्या संस्कृतपणावर टेकविली जाते. हे समर्थन टिकणारे नाही. ‘कडे’ हे संस्कृत ‘कटक’ ह्यापासून आलेले. आणि संस्कृतात ‘कटक’ व ‘वलय’ हे दोन्ही शब्द हातातील अलंकाराचेच वाचक होत. दोन्ही संज्ञा एकाच सोनाराच्या पेढीवरच्या. फरक एवढाच की, मराठीत ‘वलय’ हातातून निसटले. ‘तेजोवलय’, ‘प्रसिद्धीचे वलय’ अशा योजनांत त्याचा धातुमय अर्थ झिजून केवळ ‘सभोवारचा वेढा’ एवढाच उरला. ‘कडे’ मात्र अजून कडेच आहे. नांदेडात तर विशेषच. हुजूर साहिबच्या ह्या नगरीत शीख भाविकांच्या मनगटावरील पोलादी कडे नित्य दृष्टीस पडते : अखंड, घन, एका जागी धरून फिरविले असता सर्वच्या सर्व फिरणारे.

शनीभोवतीची वस्तू नेमकी ह्याच्या उलट आहे. एकसंध घन कडे तेथे स्थिर राहूच शकत नाही, ते परस्परांपासून सुट्या असंख्य कणांचेच असले पाहिजे, हे मॅक्सवेलने १८५९ मध्ये गणिताने दाखविले. १८९५ मध्ये कीलरने वर्णपटावरून आतले कण बाहेरच्यांहून अधिक वेगाने फिरतात हे प्रत्यक्ष सिद्ध केले. ‘ब’ वलयाच्या आतल्या काठावरील कण सुमारे ८ तासांत प्रदक्षिणा पुरी करतो, ‘अ’ वलयाच्या बाहेरच्या काठावरील कणास १४ तासांहून अधिक लागतात. हे कण मुख्यत्वे पाण्याच्या बर्फाचे, बहुतांशी काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतचे. विस्तार लक्षावधी किलोमीटरांचा. जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच.

तेव्हा ‘कडे’ त्याज्य ठरते, पण ग्राम्य म्हणून नव्हे. त्याचा अर्थ अजून जिवंत आहे म्हणून. शिवाय एक व्याकरणिक अडचण आहे. ‘कडे’ ह्याचे अनेकवचन ‘कडी’. आणि ‘शनीची कडी’ म्हटले की दाराची कडीही तितक्याच शुद्धपणे उभी राहते. ग्रहणाच्या बाबतीत मात्र ‘कंकणाकृती’ हे विशेषण निर्दोष आहे. त्यातील ‘आकृती’ हे पद दावा दिसण्यापुरताच मर्यादित ठेवते.

तथापि नामापेक्षा क्रियापद अधिक दोषी आहे. ‘वलय शनीभोवती फिरते’ हे वाक्य ‘वलय’ हा निवडक शब्द वापरूनही मॅक्सवेलपूर्वीचेच खगोलशास्त्र शिकविते. एकवचनी कर्ता व एकच क्रिया ह्यांमुळे सर्व वेढा एका गतीने फिरत असल्याचा बोध होतो. ‘वलयातील कण आपापल्या कक्षेत फिरतात’ असे लिहिण्यास दोन शब्द अधिक लागतात. ते अवश्य खर्चावेत. परिभाषा समित्यांची दृष्टी कोशातील नामांवर खिळलेली असते, वाक्यावर नसते, ही मराठी शास्त्रलेखनाची जुनी उणीव आहे.

लातूर-नांदेडकडील विद्यार्थ्यास तिसराही शब्द ठाऊक असतो : ‘खळे’. चंद्राभोवती पडते ते खळे आणि मळणीचेही खळेच. पहिले उंच ढगांतील हिमस्फटिकांमुळे दिसते, दुसऱ्यावर सुटे दाणे पसरलेले असतात. हिम आणि सुटेपणा दोन्ही शनीच्या वलयात आहेत. तरी हा शब्द संज्ञा म्हणून स्वीकारता येणार नाही. चंद्राचे खळे चंद्राभोवती नसतेच. तो पृथ्वीच्या वातावरणातील प्रकाशाचा परिणाम. मळणीच्या खळ्यावर गती उलटी : तिवड्यालगतचा बैल सावकाश पाय टाकतो, कडेचा बैल धावपळीने, आणि सारी पात एकाच वेळी फेरी पुरी करते. कीलरने जे नाकारले ते हेच. दावे तोडून प्रत्येक बैल मोकळा केला आणि आतल्याने बाहेरच्यास मागे टाकले, अशी कल्पना केली म्हणजे शनीचे वलय समजते. मळणीयंत्रामुळे बैलांची पात दुर्मीळ झाली असली तरी वर्गात हा विरोध दाखविण्यास तिच्याइतके चांगले साधन नाही.

‘वलय’ तरी पूर्ण निर्लेप आहे काय? १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जात असता तामिळनाडूतील कावलूर वेधशाळेत भट्टाचार्य व कुप्पुस्वामी ह्यांनी ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्याचे टिपले आणि त्याचे कारण नवा उपग्रह असावा असे मानले. ती वलये होती : अरुंद, कोळशासारखी काळी. ‘तेजोवलया’तून आलेला तेजाचा संस्कार येथे आडवा येतो, युरेनसची वलये प्रथम लक्षात आली ती त्यांनी प्रकाश अडविला म्हणून.