वस्ती, वाट आणि हक्क : ‘बनगरवाडी’ आणि ‘नझीफ अल्-हजर’ यांचे सहवाचन

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही मराठी समीक्षेने प्रामुख्याने ग्रामीण वा प्रादेशिक कादंबरी म्हणून वाचली आहे. या वर्गीकरणात एक गृहीतक दडलेले आहे : गाव हे स्थिर असते आणि त्याचे उठून जाणे म्हणजे त्याचा अंत. माणदेशातील धनगरांची ही वाडी मात्र या गृहीतकात नीट बसत नाही. इब्राहिम अल्-कोनी या लिबियातील तुआरेग लेखकाच्या ‘नझीफ अल्-हजर’ (१९९०) या अरबी कादंबरीशेजारी ती ठेवून वाचली, तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. दोन्ही प्रदेश कमी पावसाचे, दोन्ही समाज पशुपालक. परंतु दोन्ही संहितांत कथन कोठून होते, हा भेद निर्णायक आहे.

‘बनगरवाडी’चा निवेदक औंध संस्थानाने नेमलेला तरुण मास्तर आहे. तो बाहेरून येतो, मुले जमवतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो आणि गावाकडून तालीम बांधून घेतो. शाळा आणि तालीम या दोन्ही स्थावर वास्तू. निवेदकाला घडण्याचा अर्थ बांधण्यातून कळतो. साहजिकच दुष्काळ पडून माणसे मेंढरांसह वाट धरतात, तेव्हा त्याच्या दृष्टीने सारे संपते. हा शेवट मराठी वाचकाला व्याकूळ करतो, आणि ते योग्यच आहे; दुष्काळातील ते स्थलांतर ऐच्छिक नाही. तथापि प्रत्येक स्थलांतर हे परागंदा होणे नव्हे. दख्खनचे मेंढपाळ पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरतात, कापणी झालेल्या शेतांत मेंढरे बसवतात आणि त्या खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा घेतात. अशा फिरत्या समूहाला त्यांच्या बोलीत ‘वाडा’ म्हणतात. ज्यांच्या भाषेत वाडा चालू शकतो, त्यांच्या जगाचे वाचन आपण न चालणाऱ्या वाड्याच्या अर्थाने करीत आलो आहोत. मास्तरला वाडीचा मुक्काम दिसतो. वाट त्याच्या अनुभवाबाहेर राहते. ही माडगूळकरांची उणीव म्हणता येणार नाही, कारण त्यांनी निवेदकाची मर्यादा प्रामाणिकपणे पाळली आहे. ती मर्यादा समीक्षेने मात्र वस्तुस्थिती मानली.

अल्-कोनी यांच्या कादंबरीत ही दिशा उलटते. असूफ हा एकाकी शेळीपालक वाळवंटातील शैलचित्रांच्या सान्निध्यात राहतो. सरकारचे पुरातत्त्व खाते त्याच्यावर त्या चित्रांची राखण सोपवते. म्हणजे राज्यसंस्थेला तो दिसतो तो दगडांचा रखवालदार म्हणून. चराईच्या भूमीचा जाणता म्हणून नव्हे. हरणांचे कळप बंदुकीने संपवून आलेला काबील त्याच्याकडे वद्दान या दुर्मीळ रानमेंढ्याचा ठावठिकाणा मागतो. असूफ तो देत नाही, आणि त्याची हत्या त्याच चित्रांकित खडकावर होते. पशू, माणूस आणि भूमी यांच्यातील करार मोडणे हा येथे अपराध आहे. स्थिर वस्तीचा अभाव ही येथे उणीव नाही, तर जगण्याची रीत आहे.

मात्र अल्-कोनी यांचे वाचन भाबडेपणाने करून चालणार नाही. सूफी आणि पुराणकथात्म संदर्भांमुळे त्यांचे वाळवंट पारलौकिक उंची गाठते. परंतु त्या उंचीवरून लिबिया, अल्जिरिया, नायजर आणि माली यांच्या सीमांनी तुआरेगांच्या वाटांची केलेली फाळणी धूसर होते. शिवाय ही कादंबरी मातृभाषेत नव्हे, अरबीत लिहिली गेली आहे. आतून लिहिणारा लेखकही इतरांच्या भाषेतून वाट काढीत असतो. एका संहितेत तपशील आहे, वाट नाही. दुसरीत वाट आहे, पण तिचे राजकारण विरळ आहे. सहवाचनाचे प्रयोजन या परस्परपूरक मौनांत आहे.

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न नाही. भारताच्या २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि भटक्या वा पशुपालक समूहांचा मोसमी वापराचा हक्क मान्य केला. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनजमिनीवरील निवास आणि अवलंबन सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या प्रवर्गात आहेत. त्यामुळे ही अट त्यांना लागू होते. ज्यांचा हक्कच फिरण्याचा, त्यांच्याकडे पुरावा मागितला जातो तो राहण्याचा. शिवाय गायराने आणि पडीक रान यांचा मोठा भाग वनजमिनीत येतच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ भूमी आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. मान्यतेचा असा उच्चार आणि कायद्याचा हा निकष यांतील अंतर अद्याप मोठे आहे.

कायद्याने मागितलेला निवासाचा दाखला आणि समीक्षेने ‘बनगरवाडी’ला दिलेला ग्रामीणतेचा दाखला, हे एकाच मनोधारणेचे दोन आविष्कार आहेत. दोन्हींना माणूस ओळखण्यासाठी त्याचा पत्ता लागतो. तौलनिक साहित्याभ्यास स्वतः भाषांच्या सीमा ओलांडण्याचा दावा करतो. त्याने तरी ओस पडलेल्या वाडीशी वाचन थांबवू नये. मेंढरे कोठे गेली, कोणी त्यांना रान दिले आणि कोणी नाकारले, हे प्रश्न कादंबरीच्या शेवटच्या पानानंतर सुरू होतात आणि त्यांची उत्तरे शोधणे हाही वाचनाचाच भाग आहे.