अवकाश-आरमाराचा युद्धसराव

लष्करी विज्ञानकथा, म्हणजे भविष्यातील युद्ध आणि सैन्य यांना केंद्रस्थानी ठेवणारी विज्ञानकथा, आपल्या अवकाशनौकांना आरमाराचेच हुद्दे, परिभाषा आणि शिस्त देत आली आहे. मात्र ही शिस्त ज्या सरावातून अंगी मुरते त्याचे चित्रण या साहित्यप्रकारात अजून फार तोकडे आहे. लढाईची वर्णने पानोपानी येतात, पण नौकेवरचे सामान्य खलाशी लढण्याजोगे कसे झाले, हा प्रश्न बहुतेक लेखक परिच्छेदभरात उरकतात.

डेव्हिड वेबर यांच्या ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’ (१९९३) या कादंबरीत मात्र सरावाला कथानकात खरे स्थान आहे. कप्तान ऑनर हॅरिंग्टन हिच्या छोट्या क्रूझरवरील नेहमीची बरीचशी शस्त्रे काढून तेथे फक्त अगदी जवळून चालणारे एक प्रायोगिक शस्त्र बसवले जाते. पहिल्या सरावात ते प्रतिपक्षाला चकवते, पण पुढच्या सरावांत सावध झालेला प्रतिपक्ष तिची नौका दुरूनच ‘बुडवू’ लागतो आणि खलाशांचे मनोधैर्य खचते. सरावातील शत्रूही शिकत असतो, हे येथे नेमके पकडलेले आहे, आणि त्या पराभवांचे ओझे कादंबरीत पुढे बराच काळ जाणवत राहते.

जॅक कॅम्पबेल या नावाने लिहिणारे जॉन हेमरी हे अमेरिकी नौदलाचे निवृत्त अधिकारी असून त्यांच्या ‘द लॉस्ट फ्लीट’ मालिकेची (पहिला भाग २००६) मांडणी याहून मूलगामी आहे. शतकभर चाललेल्या युद्धात अनुभवी अधिकारी इतक्या वेगाने मरतात की व्यूहरचनेचे ज्ञान पुढच्या पिढीला देण्यास कोणी उरत नाही, आणि शूर पण अडाणी आरमार शत्रूवर सरळ तुटून पडते. सुमारे शंभर वर्षे निद्रावस्थेत राहिलेला, जुन्या काळचा अधिकारी जॉन गिअरी या आरमाराला कृत्रिम लढायांतून पुन्हा घडवतो. प्रकाशाला अंतर कापण्यास वेळ लागत असल्याने दूरची नौका दिसते ती काही मिनिटांपूर्वीची किंवा तासांपूर्वीची असते, आणि अशा शिळ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय या सरावांत लावली जाते. या कल्पनेला इतिहासातही जोड सापडते: लिव्हरपूल येथे १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी उभारलेल्या डावपेच-केंद्रात जमिनीवर आखलेल्या समुद्रावर पाणबुडीविरोधी लढाया खेळवल्या जात, आणि अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून तेवढेच दाखवले जाई जेवढे प्रत्यक्ष समुद्रावर त्यांना कळले असते.

‘स्टार ट्रेक’च्या १९८२ च्या चित्रपटातील ‘कोबायाशी मारू’ ही जिंकताच न येणारी परीक्षा प्रसिद्ध आहे, परंतु ती नेत्याच्या स्वभावाची कसोटी आहे, नौकेवरील लोकांच्या कौशल्याची नव्हे. येथेच या साहित्यप्रकाराची मुख्य उणीव दिसते, कारण त्यातील सराव जवळजवळ नेहमी कप्तानाच्या बुद्धीचा असतो. प्रत्यक्षात मात्र नौका वाचते ती सामान्य खलाशांच्या सरावावर. व्हिएतनाम युद्धात, २९ जुलै १९६७ रोजी, ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवर आग लागली तेव्हा पहिला बॉम्ब अवघ्या दीड मिनिटाच्या आसपास फुटून प्रशिक्षित अग्निशामक तुकडीतील बहुतेकजण मारले गेले. त्यानंतर पुढे आलेल्या, पण आग विझवण्याचे शिक्षण नसलेल्या खलाशांनी धीराने पाण्याचे फवारे मारले आणि त्या पाण्याने आग दाबणारा फेस वाहून गेला. एकूण १३४ माणसे दगावली. क्षतिनियंत्रण, म्हणजे आग, गळती आणि मोडतोड आवरून नौका लढती ठेवणे, हे प्रत्येकाला आले पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा अमेरिकी नौदलाने पुढे दशकानुदशके शिकवला. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ येथेही भारतीय नौसैनिकांना याच विद्येचे शिक्षण मिळते.

दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडच्या टोबरमोरी बंदरात नव्या संरक्षक नौकांना तयार करणारे गिल्बर्ट स्टीफनसन आपली टोपी डेकवर फेकून हा न फुटलेला बॉम्ब आहे असे जाहीर करत, असे सांगतात; एका खलाशाने ती लाथेने समुद्रात उडवली, तेव्हा त्यांनी लगेच त्या टोपीला बुडणारा माणूस ठरवून त्याला वाचवण्याचा हुकूम दिला. अशा परीक्षकाला नौकेवर चढवणारी, कप्तानाला पहिल्याच मिनिटाला ‘मृत’ ठरवून कनिष्ठांच्या हाती सूत्रे देणारी आणि दमलेल्या यंत्रकक्षातून सरावाचा तो दिवस सांगणारी अवकाशकथा विरळा आढळते. वेबर आणि हेमरी यांनी सरावाला कथेत मान मिळवून दिला, पण तो अजून कप्तानाच्या कक्षातून खाली उतरलेला नाही.