ऑक्सिंडेन : एका विरळ इंग्रजी आडनांवाची चिकित्सा

शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ रोजीं, म्हणजे इंग्रजांच्या तत्कालीन गणनेप्रमाणें ६ जून १६७४ ला, रायगडावर झालेल्या राज्याभिषेकास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन हजर होता, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगणें नको. त्यापूर्वीं दहा वर्षें, महाराज सुरतेवर चालून आले तेव्हां तेथील इंग्रजी वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्सिंडेन हा होता. हें आडनांव इंग्लंडांतहि इतकें विरळ आहे कीं, तें दोन कागदांत दिसलें म्हणजे माणूस एकच असावा, निदान घर तरी एकच असावें, असें वाचक गृहीत धरून चालतो. प्रस्तुत ठिकाणीं घर एकच होतें; माणसें मात्र वेगळीं होतीं. विरळ आडनांवाची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी व कोठें ती सोडून द्यावी, हा प्रश्न ऑक्सिंडेन या नांवाइतका स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याहि इंग्रजी नांवानें मराठ्यांच्या इतिहासांत उपस्थित होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम माणसें वेगळीं करूं. केंट परगण्याच्या पूर्व भागांत विंगहॅम गांवाजवळ डीन नांवाचा वाडा ऑक्सिंडेन घराण्याकडे होता. तेथील सर जेम्स ऑक्सिंडेन याचा तिसरा मुलगा जॉर्ज. याचा जन्म १६२० चा. १६६१ मध्यें तो 'सर' झाला, १६६२ मध्यें त्याची सुरतेच्या अध्यक्षपदीं नेमणूक झाली, आणि १४ जुलै १६६९ रोजीं तो सुरतेसच वारला. त्याच्या पूर्वीं दहा वर्षें तेथेंच वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर व तो, असे दोघेहि सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानांतील एका घुमटदार इमारतीखालीं पुरलेले आहेत. जॉर्जचा वडील भाऊ सर हेन्री कधीं हिंदुस्थानांत आला नाहीं. १६७८ मध्यें त्यास बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला व १६८६ मध्यें तो वारला. रायगडावर आलेला हेन्री हा या सर हेन्रीचा मुलगा, अर्थात् सर जॉर्जचा पुतण्या. पुढें तो मुंबईचा उपगव्हर्नर झाला. वडील भाऊ सर जेम्स १७०८ सालीं वारल्यावर किताब याच्याकडे आला, आणि तो एका वर्षांतच, १७०९ सालीं, मरण पावला.

एवढ्यावरून एक लहानशी पण उपयोगी कसोटी निघते. राज्याभिषेकास आलेला वकील 'सर' नव्हता. त्यास किताब मिळाला तो या प्रसंगानंतर चौतीस वर्षांनीं. म्हणून १६७४ च्या हकीकतींत जेथें 'सर हेन्री' असें छापलेलें दिसेल तेथें लेखकानें बाप व मुलगा यांची गल्लत केली, किंवा पुढचा किताब मागें नेला, असें खुशाल समजावें. तसेंच कोणी सर जॉर्जला रायगडावर नेऊन बसवील तर त्यास पांच वर्षांपूर्वीं मेलेला मनुष्य दरबारांत आणल्याचें श्रेय द्यावें लागेल! याच संबंधांत जुन्या इंग्रजी वर्षगणनेचें स्मरण ठेवणें अवश्य आहे. त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें सुरतेवरील पहिली स्वारी आपल्या हिशेबानें जानेवारी १६६४ ची असली तरी वखारीच्या मूळ पत्रांत ती १६६३ च्या जानेवारींत सांपडते.

आतां नांवाच्या व्युत्पत्तीकडे वळूं. 'ऑक्स' म्हणजे बैल हें उघड आहे. प्राचीन इंग्रजींत हा शब्द 'ऑक्सा' असा होता व त्याचें षष्ठीचें अनेकवचन 'ऑक्स्ना'. ऑक्सफर्ड या नगराच्या नांवांत हेंच पद असून त्याचा अर्थ बैलांचा उतार असा आहे. संस्कृतांतील 'उक्षन्' हा याचाच सोदर शब्द, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल. पूर्वपदाविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो 'डेन' या उत्तरपदाविषयीं. केंटमध्यें टेंटर्डेन, बिडेंडेन, बेनेंडेन, स्मार्डेन अशीं 'डेन'-अंत ग्रामनामें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील 'डेन' म्हणजे रानांतील चराई, विशेषतः डुकरांची चराई, हें सर्वमान्य आहे. त्यावरून ऑक्सिंडेन म्हणजे बैलांची चराई असा अर्थ कोणीहि सहज करील. डुकरांच्या चराईंत बैल कोठून आले, ही शंका टिकण्यासारखी नाहीं. त्याच परगण्यांत काउडेन, म्हणजे गाईंची चराई, असें गांव आहेच.

तथापि आमचा ओढा दुसऱ्या अर्थाकडे आहे. वरील ग्रामनामें ज्या वील्ड नांवाच्या रानपट्ट्यांत आहेत तो केंटच्या नैर्ऋत्येस. ऑक्सिंडेनांचीं ठिकाणें नॉनिंगटन, विंगहॅम व बारहॅम हीं पूर्वेकडील खडूच्या टेकड्यांच्या मुलखांतलीं. या मुलखांत 'डीन' म्हणजे दरी हा दुसरा प्राचीन शब्द चालू होता, आणि या घराण्याच्या वाड्याचेंच नांव डीन आहे. तेव्हां 'बैलांची दरी' हा अर्थ भूमीशीं अधिक जुळतो. उलट बाजूस एवढें म्हणतां येईल कीं, पूर्व केंटमधील जुन्या जहागिरींच्या मालकीच्या चराया दूर वील्डमध्यें असत व दर शरदृतूंत तेथें डुकरें हांकून नेत. म्हणजे चराईचें नांव पूर्वेकडे येणें अशक्य नाहीं. हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाहीं, पण जवळ दरी असतांना दूरच्या रानाकडे धांव घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. नॉर्दम्प्टनशायरमधील ऑक्सेंडन हें गांव मात्र या वादांतून वगळलें पाहिजे. त्यांतील 'डन' म्हणजे टेकडी. १०८६ च्या डूम्सडे बुकांतहि तें नांव टेकडीवाचक रूपांतच आहे. उच्चार सारखा असला तरी शब्द निराळा.

घराण्याच्या ढालीवर रुपेरी भूमीवर आढ्याच्या आकाराची तांबडी पट्टी व तिच्याभोंवतीं तीन काळे बैल आहेत. हे बैल व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून पुढें करण्याचा मोह वंशावळकारांस नेहमीं होतो. परंतु ढाल नांवावरून केलेली आहे, नांव ढालीवरून नव्हे. नांवांत बैल ऐकूं आला म्हणून चिताऱ्यानें बैल काढला. त्यावरून फार तर एवढेंच सिद्ध होतें कीं, ढाल तयार झाली त्या वेळीं घराण्यांतील लोकहि आपल्या नांवाचा अर्थ आपल्यासारखाच लावीत होते.

असें एकाच ठिकाणावरून पडलेलें नांव आपल्याकडील 'कर'-अंत आडनांवांसारखेंच. फरक इतकाच कीं, आपण प्रत्यय पुढें लावतों, आणि इंग्रजांनीं मागें लावलेलें 'द' हें अव्यय कालांतरानें गाळून टाकलें. पण पुणेकर हजारों निघतात. चारदोन घरांच्या वाडीवरून आडनांव घेणारे थोडेच निघणार. ऑक्सिंडेन विरळ कां, याचें मूळ कारण हेंच होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटचा विस्तृत इतिहास लिहिणारा एडवर्ड हेस्टेड या घराण्याचा उगम तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत, म्हणजे चौदाव्या शतकांत, नेतो व सॉलोमन ऑक्सिंडेन हा पहिला ज्ञात पुरुष देतो. हेस्टेड पुष्कळदां घरंदाज लोकांच्या वंशावळी तपासल्याविना घेतो, हें खरें. तरी एवढ्या मोठ्या ग्रंथांत या नांवाचा सगळा विस्तार शेजारशेजारच्या थोड्या गांवांतच फिरतो, हें त्याच्या ग्रंथावरून दिसतें, आणि त्यासाठीं आम्ही त्याचे ऋणी आहोंत.

विरळ नांवांच्या बाबतींत खरा अपेक्षाभंग होतो तो हेन्री ब्रूअम गपी याच्या १८९० मधील प्रसिद्ध ग्रंथानें. गपीची कल्पना उत्तम होती. व्यापारी व मजूर हिंडतात, शेतकरी जागा सोडीत नाहीं. म्हणून त्यानें परगणावार निर्देशिकांतून केवळ शेतकऱ्यांचीं नांवें मोजलीं, आणि जें नांव अनेक परगण्यांत पसरलें तें सार्वत्रिक, जें एकाच परगण्यांत राहिलें तें विशिष्ट, असे वर्ग पाडले. पण मोजणीस त्यानें खालची मर्यादा घातली, व तिच्या खालचीं नांवें गाळलीं. परिणाम असा कीं, ज्या नांवांना त्याच्या पद्धतीचा सर्वांत अधिक उपयोग, तींच त्याच्या जाळ्यांतून निसटलीं. शिवाय ऑक्सिंडेन हे जमीनदार. शेतकऱ्यांच्या यादींत ते कसे सांपडावेत?

नांव विरळ राहण्याचें, व शेवटीं नष्ट होण्याचें, दुसरें कारण गणिताचें आहे. फ्रान्सिस गाल्टन व एच. डब्ल्यू. वॉटसन यांनीं १८७४ च्या सुमारास दाखविलें कीं, मुलगेच नांव पुढें नेत असल्यामुळें, कोणतीहि आपत्ति न येतां, केवळ योगायोगानें पिढ्यागणिक आडनांवें मरत जातात, आणि थोडक्या घरांचें नांव सर्वांत आधीं मरतें. डीनच्या बॅरोनेटांचा वंश १६७८ पासून दहा पिढीधारकांपर्यंत चालला व १९२४ मध्यें शेवटचा धनी वारल्यावर किताब संपला. मध्यंतरीं या घराण्यानें नांवाच्या बाबतींत दत्तकासारखा एक व्यवहारहि पाहिला. बारहॅमजवळील ब्रूम येथील सर बेसिल डिक्सवेल १७५० मध्यें निपुत्रिक वारला. त्यानें आपली वास्तु जॉर्ज ऑक्सिंडेन या नातलगास, डिक्सवेल हें नांव घेण्याच्या अटीवर, दिली. हीच ब्रूमची वास्तु १९११ मध्यें लॉर्ड किचनेरनें विकत घेतली. १९०२ ते १९०९ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापति असलेला तोच हा किचनेर.

विरळ नांव म्हणजे एक मूळ पुरुष, हें अनुमान पूर्वीं केवळ अटकळ होतें. अलीकडे त्यास आधार मिळाला आहे. लेस्टर विद्यापीठांतील टुरी किंग व मार्क जॉब्लिंग यांनीं २००९ मध्यें चाळीस ब्रिटिश आडनांवांच्या पुरुषांचीं, बापाकडून मुलाकडे जाणारीं जनुकचिन्हें तपासून दाखविलें कीं, स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या नांवाच्या लोकांत एकरक्तता दिसत नाहीं, परंतु विरळ नांवाच्या लोकांत ती पुष्कळ दिसते. अनुमानास हें बळ मोठें आहे; पण तें विलायतेंतील वंशांपुरतें. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत रोबसन परगण्याच्या लंबी या मूळनिवासी समाजांत 'ऑक्सेंडाइन' हें अगदीं नेहमींचें आडनांव आहे. तें याच इंग्रजी नांवाचें रूपांतर असावें असें आम्हांस दिसतें. पण तेवढ्यावरून त्या लोकांस डीनच्या वाड्याशीं नेऊन जोडणें धाडसाचें होईल. जें नांव मायदेशीं मरणपंथास लागलें तें समुद्रापलीकडे दुसऱ्याच समाजांत भरभराटीस आलें.

आडनांव जसें नसलेलें नातें सुचवितें तसें असलेलें लपवितेंहि. १६७० च्या ऑक्टोबरांत सुरतेवरील दुसऱ्या स्वारीच्या वेळीं इंग्रजी वखार लढविणारा स्ट्रेन्शॅम मास्टर हा सर जॉर्जच्या बहिणीचा मुलगा. १६६४ च्या स्वारींतहि तो मामाच्या हाताखालीं वखारींत होता. म्हणजे सुरत व रायगड या तीन प्रसंगीं केंटमधील एकच घर महाराजांसमोर आलें: मामा, भाचा व पुतण्या. केवळ आडनांवांच्या सूचीवर विसंबणाऱ्यास यांतला भाचा कधींच दिसणार नाहीं, आणि कंपनीच्या नेमणुका कोणत्या सोयरिकींतून होत हा महत्त्वाचा मुद्दा त्याच्या हातून जाईल.

राहिला हस्तलिखितांचा प्रश्न. या घराण्यांत हेन्री हें नांव तर आडनांवापेक्षांहि घातक आहे. वर सांगितलेल्या बापलेकांखेरीज बारहॅमचा हेन्री ऑक्सिंडेन हा तिसरा, सर जॉर्जचा चुलतभाऊ. लॅटिन कविता करणारा, आणि पत्रें जपून ठेवण्याची हौस असलेला. याचा पत्रव्यवहार डोरोथी गार्डिनर यांनीं १९३३ व १९३७ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केला. संपादन फार चांगलें आहे, आणि 'ऑक्सेंडेन' हें पुढें रूढ झालेलें रूप न घेतां त्यांनीं पत्रांतील 'ऑक्सिंडेन' हेंच ठेवलें, याबद्दल आम्ही त्यांस धन्यवाद देतों. आम्हीहि येथें तोच पाठ स्वीकारला आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासाच्या आशेनें जो हे भाग घेईल त्याची निराशा होईल. त्यांचा विषय केंटमधील लग्नें, जमिनी व तेथील यादवी युद्धाचे दिवस हा आहे. सर जॉर्जचीं पत्रें व पत्रवह्या हा निराळा संग्रह. दोन्ही ब्रिटिश लायब्ररींतच असल्यानें घोटाळ्यास अधिकच जागा आहे. रायगडच्या वकिलाची हकीकत तिसऱ्याच ठिकाणीं, कंपनीच्या दप्तरांत, आहे, व ती पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ मध्यें छापलेल्या इंग्रजी कागदपत्रांच्या संग्रहांतून वाचकांस उपलब्ध झाली.

मराठी कागदांकडून या कामीं मदतीची फारशी अपेक्षा नको. ज्या भाषेनें कॅप्टन स्टुअर्टचा 'इष्टूर फांकडा' केला ती या नांवाचें काय करील हें सांगणें कठीण, आणि एकाच साहेबाचे चार उच्चार चार कारकुनांच्या हातून उतरणें हें तर नित्याचेंच. म्हणून 'हेन्री ऑक्सिंडेन' अशी सही असलेलें सुटें पत्र हातीं आल्यास संग्राहकानें सहीकडे शेवटीं पाहावें. आधीं तारीख पाहावी: बारहॅमचा हेन्री १६७० मध्यें वारला, त्यानंतरचें पत्र त्याचें असूं शकत नाहीं. मग स्थळ पाहावें: मुंबई वा सुरत असेल तर तें पुतण्याचें, केंट असेल तर १६८६ पर्यंत बापाचेंहि असूं शकेल. मग किताब पाहावा: १६६० पासून 'सर' हेन्री म्हणजे डीनचा बाप, १७०८ नंतरचा 'सर' हेन्री म्हणजे तोच रायगडचा वकील, म्हातारपणचा. पुतण्या मुंबईहून केंटला परतल्यानंतरची व १६८६ पूर्वींची, किताब न लिहिलेली सही असेल तर मात्र हस्ताक्षर जुळवून पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.