'मदत मिळाली का?' या प्रश्नाची गोष्ट



पीएचडीचा विषय शोधताना बऱ्याच जणांची गाडी एका स्टेशनवर हमखास थांबते : 'अमुक तालुक्यातील शेतकरी व शासकीय मदत : एक अभ्यास'. माझीही थांबली. धरणगाव तालुक्यातले भाजीपाला उत्पादक निवडले, रोगामुळे झालेलं नुकसान हा विषय घेतला आणि प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न टाकला, 'शासनाची मदत मिळाली का?' बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. टक्केवारी काढली की निष्कर्ष तयार : अंमलबजावणी कमकुवत आहे, जनजागृती वाढवावी.

हा निष्कर्ष तुम्ही कितीतरी प्रबंधांत वाचला असेल. आज टीका त्याच्यावरच आहे. इथे आधी योजनेचा कागद वाचायला हवा होता, तो मी वाचलाच नव्हता.

आता तो वाचू. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपात सुरू झाली. तिच्यात कीड-रोगाची जोखीम धरली आहे, पण फक्त अधिसूचित पिकांसाठी. आपल्याकडे त्या यादीत कापूस, मका, सोयाबीन, कांदा आहेत. मिरची, वांगी, भेंडी नाहीत. दुसरा रस्ता आपत्ती निवारण निधीचा. त्यात 33 टक्के किंवा जास्त नुकसानीची अट आहे. आपत्तींच्या यादीत 'कीड-हल्ला' हा शब्द आहे, 'रोग' हा शब्द नाही. मग मिरचीचा चुरडा-मुरडा कुठे बसवायचा? रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी गेली तेव्हा राज्याने मदत जाहीर केली. तिथे अळी डोळ्यांना दिसत होती.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. 2022 मध्ये रावेर-यावल भागात केळीवर सीएमव्ही आला. फळपीक विमा हवामानाच्या निकषांवर चालतो, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नव्हता. पण पंचनामे झाले, पाठपुरावा झाला आणि पुढे शासनाने मदत मंजूर केली. सीएमव्ही म्हणजे काकडीच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू. मावा त्याला पसरवतो आणि तो काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची यांवरही जगतो. म्हणून शास्त्रज्ञांचा सल्ला असतो की केळीच्या बागेत आणि आसपास या भाज्या लावू नका. सल्ला बरोबर आहे. पण गंमत बघा, विषाणू तोच, आणि केळी त्यात नुकसानग्रस्त, तर भाजी रोगाचं घर! भाजीवाल्याचं नुकसान या चित्रात कुठेच येत नाही.

परत धरणगावला येऊ. भाजी असते दहा-वीस गुंठ्यांत. तोडे अनेक, त्यामुळे नेमकं उत्पन्न किती घटलं हे मोजणं कठीण. शिवाय रोगट झाडं लगेच उपटा, असं कृषी खातंच सांगतं. एक शेतकरी मला म्हणाले, "झाडं उपटी टाकात, आते काय दखाडू?" सल्ला पाळला तर पुरावा जातो, पुरावा ठेवला तर रोग शेजारच्या वावरात जातो. ही अंमलबजावणीतली ढिलाई नाही, रचनेतलीच अडचण आहे. जनजागृतीने ती सुटणार नाही.

कोणी म्हणेल, मग भाजीपाला विम्यात घाला. इतकं सोपं नाही. पीक रोगाने मोडलं की भाव पडल्यामुळे, हे नंतर ठरवणं अवघड जातं. कदाचित रोगमुक्त रोपं, जाळीतली रोपवाटिका आणि वेळेत होणारी विषाणू तपासणी यांचा फायदा रोख मदतीपेक्षा जास्त होईल. पण हे तपासायला हवं, गृहीत धरून चालणार नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत 'मदत मिळाली का' याच्या आधी चार प्रश्न घाला. लक्षण पहिल्यांदा कधी दिसलं? ई-पीक पाहणीत त्या तुकड्यावर कोणतं पीक नोंदलेलं होतं? कोणाला कळवलं, आणि बघायला कोण, कधी आलं? पीक कधी मोडलं? या तारखा शेजारी-शेजारी मांडा. शेतकरी नेमका कुठे गळाला ते दिसेल.

मी माझी प्रश्नावली बदलली आणि त्याच गावांत पुन्हा गेलो. वेळ गेला, गाईडचं बोलणंही खाल्लं. पण आधीचा निष्कर्ष तसाच छापला असता तर दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर गेला असता, आणि यादी तशीच राहिली असती.

तुमच्या विषयातली यादी कोणती आहे आणि तिच्यात कोण नाही? प्रस्ताव लिहायच्या आधी तेवढं बघून घ्या.