एकास अठ्ठेचाळीस

आमच्याकडे नाटकांवर टीका होते, कादंबऱ्यांवर होते, गवयांच्या बैठकांवर होते, आणि दिवाळीच्या दिवसांत चकलीवर तर घरोघर होते. परंतु प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेल्या विमानावर कोणी गंभीरपणे टीका केल्याचे माझ्या वाचनात नाही. हा पोरखेळ, फार तर रिकामपणाचा उद्योग, अशीच सर्वांची समजूत. माझीही अगदी परवापरवापर्यंत तीच होती. डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांमुळे ती बदलली. खरे म्हणजे त्यांच्यामुळे नव्हे, त्यांच्या विमानामुळे.

विमान मिग-२१. हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १९६३ साली ते आपल्या वायुसेनेत आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभपूर्वक निवृत्त झाले. शेजाऱ्यांनी ते केले एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात. हा आकडा कोठून आला असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो: खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा पाव इंच. इंग्रजी मापांच्या जमान्यातला हा हिशेब मीटर आले तरी टिकून राहिला. या हिशेबाने मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पंधरा सेंटिमीटर भरतात, आणि लांबी शाळेतल्या फूटपट्टीएवढी.

मूळ पेटी झेक देशातल्या एडुआर्ड कंपनीची. पेटी उघडली की फांदीला चिंचा लगडाव्यात तसे चौकटींना लगडलेले भाग दिसतात; ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एवढ्यावर संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. या छंदाचा खरा संसार पेटीच्या बाहेर आहे. पेटीतले भाग ज्यांना पुरेसे बारीक वाटत नाहीत त्यांच्यासाठी निराळे कारखानदार जादा भाग करतात. वैमानिकाच्या पट्ट्याचे बक्कल रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे, चाके रेझिनची, खुर्ची रेझिनची, नाकापुढची सुई पितळेची, वायुसेनेची तिरंगी वर्तुळे पाण्यात भिजवून चिकटवायची. हे सारे परदेशांतून टपालाने येते, जकात भरून सोडवावे लागते, आणि सगळ्याची बेरीज केली तर मूळ पेटी स्वस्त वाटू लागते. त्या पितळी बक्कलांपैकी एक चिमट्यातून उडाले ते गेल्या दिवाळीत. चिवड्याच्या परातीत गेले असावे असा घरातल्या मंडळींचा कयास आहे. त्यावर अधिक बोलणे नको.

प्रश्न असा की, हे जादा भाग लावल्याने प्रतिकृती अधिक चांगली होते काय? सगळे म्हणतात, होते. तपशील जितका अधिक तितके काम वरच्या दर्जाचे, हे या छंदातले जवळजवळ धर्मवचन होऊन बसले आहे. आमच्या काव्यशास्त्रात मात्र हा वाद हजार वर्षांपूर्वीच होऊन गेला. काश्मीरचा क्षेमेंद्र औचित्यविचारचर्चेत सांगतो की मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला तर पाहणारा हसणारच, मग ते दागिने कितीही मोलाचे असोत. अलंकाराचे मोल तो कोणत्या जागी आहे यावर ठरते. प्रतिकृतीच्या बाबतीत तर हा नियम दुप्पट कडक असला पाहिजे. कारण कवीने कोणाला मोजमापाचे वचन दिलेले नसते, या कारागिराने दिलेले असते.

एक उदाहरण देतो. विमानाचे अंग अनेक पत्र्यांचे, त्यामुळे प्रतिकृतीवर त्या जोडांच्या रेषा कोरलेल्या असतात. त्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत काळा रंग भरण्याची मोठी चाल आहे. कोरलेली रेषा समजा ०·२ मिलिमीटर रुंद आहे. अठ्ठेचाळीसने गुणा. जवळजवळ एक सेंटिमीटर! पत्र्यापत्र्यांत एवढ्या फटी ठेवून कोण वैमानिक आवाजाच्या दुप्पट वेगाने जाईल? तरीही पाहणारे म्हणतात, काय बारीक काम आहे! ते बारीक नाही, ठळक आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीत संवाद आणि समतोल यांच्याबरोबर विरोधालाही जागा दिली आहे. ती या मंडळींनी ध्यानात घ्यावी असे वाटते. कारण पंखाचा गुळगुळीत, निःशब्द पृष्ठभाग शेजारी असेल तरच कॉकपिटमधली गर्दी गर्दी वाटते. सगळीकडेच गर्दी केली की ती सायंकाळची कल्याण लोकल होते. तीत माणसे पुष्कळ असतात, चेहरा एकही दिसत नाही.

शेजाऱ्यांच्या पहिल्या मिगमध्ये हा दोष होता. दुसराही होता. त्यांनी घेतले होते डिसेंबर १९७१ चे विमान, ज्या जातीच्या विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नरच्या निवासावर १४ डिसेंबरला रॉकेट्स डागली त्या जातीचे. त्या युद्धाच्या वेळी आपली पुष्कळशी चंदेरी मिगे घाईघाईने, स्क्वाड्रनवरच, हिरव्या-तपकिरी रंगांनी माखली गेली. एका ठिकाणची नक्षी दुसऱ्या ठिकाणच्या नक्षीशी जुळत नव्हती. शेजाऱ्यांनी ती नक्षी एअरब्रशने अशी तलम उतरवली होती की जणू पैठणीचा पदर. सुंदर होते, यात शंका नाही. पण त्यात घाई नव्हती, आणि त्या डिसेंबरची घाई हाच त्या रंगाचा अर्थ होता.

हे मी त्यांना बोललो नाही. दिवाळीच्या पाडव्याला गेलो होतो, समोर फराळ होता. बोलले ते दुसरेच.

शेजाऱ्यांचे एक मावसभाऊ आहेत, ऐंशीच्या घरातले. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना १९६४ साली निघाला. त्यात ते उमेदीची सगळी वर्षे होते. पाडव्याला ते ठाण्याला मुलीकडे आलेले, तेथून डोंबिवलीला भावाकडे आले. विमान त्यांच्या हाती देण्यात आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांपाशी नेले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, ही खुर्ची आपल्या सत्त्याहत्तरातली नव्हे."

"दादा, ती तर मी मुद्दाम मागवली," शेजारी म्हणाले.

"मागवली असशील. छान आहे. पण ही पुढच्या जातीची. आणि हे झाकण असं कडेला नाही उघडत. पुढे उघडतं."

येथे थोडे तंत्र सांगणे भाग आहे. ओझरला प्रथम झालेले मिग-२१ म्हणजे एफएल, कारखान्याच्या भाषेत टाइप सत्त्याहत्तर. त्यात समोरची काच आणि वरचे झाकण हे एकच अखंड अंग, आणि त्याची बिजागरी पुढे. याला कारण होते. संकटात वैमानिक खुर्चीसह बाहेर फेकला जाई तेव्हा हे झाकण खुर्चीबरोबरच निघून त्याच्या तोंडासमोर ढालीसारखे राही, वाऱ्याचा तडाखा अंगावर घेई. खुर्ची आणि झाकण हे दोन भाग नव्हते, एकच विचार होता. पुढे रशियन अभिकर्त्यांनी निराळी खुर्ची आणली, केएम-१ नावाची. मग ढालीची गरज उरली नाही, समोरची काच पक्की झाली आणि झाकण कडेला उघडू लागले. एडुआर्डची पेटी या दुसऱ्या प्रकारची, पीएफएमची होती, आणि पेटीवर तसे स्वच्छ छापलेलेही होते. शेजाऱ्यांनी तिच्यावर तिरंगी वर्तुळे चिकटवून तिला भारतीय केले, आणि वर, काही कमी पडू नये म्हणून, जादा पैसे मोजून उत्तमातली उत्तम केएम-१ खुर्ची तीत बसवली. चूक सोन्याने मढवली!

कोणी म्हणेल, बोटाच्या पेराहून लहान खुर्ची, कोण बघतो? पेशवाईवरच्या कादंबरीत नायिकेने वाड्याच्या माजघरात स्टोव्ह पेटवला तर आपण चालवून घेऊ काय? स्टोव्हचे वर्णन कितीही हुबेहूब असो. उलट ते जितके हुबेहूब तितके अधिक बोचेल.

प्रमाणाच्या प्रामाणिकपणाबद्दल मी असा हट्ट धरतो म्हणून मला कोणी कोरडा समजू नये. आमच्या इमारतीच्या आवारात मुले दरवर्षी किल्ला करतात. कधी तो कल्याणच्या खाडीवरचा दुर्गाडी असतो, कधी रायगड. बहुधा दोन्ही एकदम. त्यावर अळीव उगवतात, बाजारातून मावळे आणतात, आणि महाराज सिंहासनावर बसले की त्यांचे मस्तक बुरुजाच्या वर जाते. मावळा तोफेपेक्षा मोठा, वाघ दरवाज्यापेक्षा मोठा. मला त्यात एकही चूक दिसत नाही. तेथे मोठेपणा मनाच्या मापाने दिला जातो. महाराज मोठे, म्हणून मोठे. किल्ल्याने कोणाला एकास अठ्ठेचाळीसचे वचन दिलेले नाही. हल्ली प्लॅस्टरचे आयते रंगीत किल्ले विकत मिळतात त्यांच्याविषयी मात्र माझे मत फार वाईट आहे. पण तो वेगळा विषय.

शेजारी पाडव्यानंतर चार दिवस त्या विमानाकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी त्यांनी कॉकपिट फोडले. हे लिहायला सोपे आहे. सुमारे वर्षभराच्या रविवारांचे काम, महिनाभर वाट पाहून मिळालेली खुर्ची, आणि तीत चिमट्याने एकेक करून बसवलेले पट्टे! खुर्ची निघाली ती दोन तुकडे होऊन. नवी त्यांनी चौकटींच्या उरलेल्या प्लॅस्टिकची केली, दादांनी वहीच्या कागदावर काढून दिलेल्या चित्रावरून. पट्टे चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाचे. झाकणासाठी लाकडाचा साचा कोरला, मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण गॅसवर मऊ करून त्यावर दाबले. तीन बिघडली, चौथे जमले. "अहो, त्या गॅसवर अजून बासुंदी व्हायचीय," हा आवाज भिंतीपलीकडे मलाही ऐकू आला. हिरवा रंगही त्यांनी जुन्यावरच साध्या ब्रशने पुन्हा मारला, आणि रेषांतला काळा रंग बराचसा पुसून टाकला.

आता या दुसऱ्या विमानाची टीका. ते पहिल्याइतके देखणे नाही, हे आधी सांगून टाकतो. झाकणाची काच डाव्या बाजूला किंचित लहरी आहे. तिची पुढची चौकट जाड झाली आहे. मिलिमीटरभर असेल, म्हणजे खऱ्या विमानात पाच सेंटिमीटरांचा गज. खुर्चीला विकतच्या खुर्चीची ऐट नाही, पट्ट्यांना बक्कल नाही. पोटाखालची बंदुकीची पेटी तेवढी मूळचीच राहिली, आणि ती योग्यच होती. एफएलला अंगची बंदूक नव्हती, ती अशी बाहेरून बांधावी लागे. परंतु झाकण पुढे उचलून ठेवलेले पाहताच हे विमान कसे वापरत आणि त्यातून जीव कसा वाचवत हे समजते. पहिल्या विमानाकडे पाहून विकणाऱ्यांचे कसब समजत होते. मला दुसरे अधिक चांगले वाटते, आणि ते केवळ नियमात बसते म्हणून नव्हे. आता त्याच्या भागांना एकमेकांची ओळख आहे.

जादा भाग घेऊच नयेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चाके, सुई, वर्तुळे सगळे विकतचेच आहे आणि शोभते आहे. खुद्द ओझरला तरी काय होते? आरंभीची विमाने रशियाहून आलेले सुटे भाग जोडूनच उभी राहिली. पुढे हळूहळू भाग येथे होऊ लागले. सांगाडा ओझरचा, इंजिन ओरिसातल्या कोरापुटचे, विजेची उपकरणे हैदराबादची. तीन गावांहून आलेले भाग एका अंगात बसवायचे, हे काम दादांनी आयुष्यभर केले. मी त्यांना विचारले, "भाग चुकीचा आला तर काय करायचात?"

"परत पाठवायचो," ते म्हणाले. "कितीही चकचकीत असला तरी."

विमान आता शेजाऱ्यांच्या काचेच्या कपाटात आहे. परवा त्यांची नात किल्ल्यावरचा एक मावळा घेऊन आली होती. त्याला वैमानिक करायचे तिच्या मनात होते. मावळा कॉकपिटच्या तिप्पट. आजोबांनी तिला प्रमाण समजावून सांगायला सुरुवात केली, पाव इंच, एक फूट वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मावळ्याला पंखावर बसवले.