भिंतीवरचे लग्न आणि लग्नगडी

पालघर जिल्ह्यात भिंत मोकळी दिसली की तिच्यावर वारली चित्र काढायचे, असा जणू नियमच होऊन बसला आहे. रेल्वे स्थानके, शाळा, कचेऱ्या, हॉटेले. जिथे पाहावे तिथे गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचताहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा झाला, ऑगस्ट २०२१ मध्ये कोळगावला सिडकोने बांधलेल्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले. आणि जिल्ह्याची ओळख सांगायची वेळ आली की हीच चित्रे पुढे केली जातात. आदिवासी आणि इतर समाज यांच्यातील सलोख्याचे प्रतीक म्हणून त्यांची भलामण होते. सलोखा दोघांत होतो, आणि त्याआधी काही भांडण झालेले असते. या भिंतींवर एकच पक्ष आहे. दुसरा कुठे गेला?

या भिंतींवर लग्नाचे चित्र वारंवार दिसते. वारली झोपडीत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्ये पालघट देवी असते. धवलेरी गाते आणि लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. चित्र हा त्या विधीचाच भाग. शोभेसाठी काढलेले ते नव्हे. पण याच लग्नासाठी वारल्याला सावकाराच्या दारात जावे लागे. लग्नापुरते कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने जमीनदाराच्या शेतावर राबायचे. ते फिटत नसेच. अशा माणसाला नाव होते लग्नगडी. म्हणजे ज्या क्षणाचे चित्र आज आपण कौतुकाने पाहतो, त्याच क्षणी तो माणूस गहाण पडत होता. भिंतीने चौक घेतला आणि लग्नगडी पुसून टाकला. माझा आक्षेप या निवडीवर आहे.

लग्नगडी आणि वेठ यांविरुद्ध १९४५ साली वारली उठले. किसान सभेचा लाल बावटा हाती घेऊन त्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक झाला. पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. पांढरपेशा मराठी मन हे पुस्तक कपाटात ठेवते आणि भिंतीवर नाच काढते.

कोणी म्हणेल, ही लोककला आहे, तिला प्रचाराला कशाला जुंपता? हा युक्तिवाद दलित कवितेनेही पुष्कळ ऐकला आहे. वारली शैली मुळात कथा सांगणारी आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली तेव्हा मासे धरणे, शेत, जंगल, सारा व्यवहार तिच्यात आला. पुढच्या चित्रकारांनी आगगाडी, सायकलही घेतली. जी शैली आगगाडी पेलते ती जमीनदार आणि जंगलखात्याचा शिपाईही पेलेल. पोटासाठी भिंत रंगवणाऱ्या वारली पोरांना मी दोष देत नाही. विषय ठरवणारा वेगळा असतो.

ऑस्ट्रेलियात मूलनिवासींशी समेट हा सरकारी धोरणाचाच शब्द आहे. १९९१ साली त्यासाठी परिषद नेमली गेली. त्याआधीच, १९८३ मध्ये, सिडनीतील रेडफर्न स्टेशनजवळ कॅरोल रफ या चित्रकर्तीने स्थानिक मूलनिवासींसह एक लांबलचक भिंत रंगवली. तिच्यावर त्यांच्या पुराणातला सर्प आहे, तशीच वस्तीतली खरी माणसेही आहेत: तिथला फुटबॉल संघ, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत राहिलेली मम शर्ल. ही माणसे वस्तीला नावाने ठाऊक आहेत. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. आईबापांपासून हिरावलेल्या मुलांबद्दल ती होती, म्हणजे गुन्ह्याचे नाव घेतले गेले. एवढे होऊनही १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूलनिवासींना घटनेने सल्लागार आवाज देण्याचा प्रस्ताव तिथल्या बहुसंख्य मतदारांनी फेटाळला. तेव्हा भिंतीकडून फार अपेक्षा नको. पण तिथे निदान गुन्हा कोणता ते उच्चारले गेले. आपल्याकडची त्रिकोणी माणसे बिननावाची आहेत, आणि ती फक्त आनंदात असतात.

आपल्या वस्त्यांनाही हा प्रकार नवा नाही. कचेरीत बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखालीच गायरानावरचे अतिक्रमण काढण्याची नोटीस, हे आपण पाहत आलो आहोत. तसेच २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा घेऊन आलेला वारली आपल्याच नाचाच्या चित्राखाली दिवसभर बसू शकतो. सूर्या धरणासाठी ज्यांची गावे गेली त्यांच्या धरणाचे पाणी वसई-विरारला जाते. तेही कुठल्या भिंतीवर काढता येईल.

कोळगावला भिंत रंगवायचीच असेल तर तलवाडा काढा, लग्नगडी काढा, सावकाराची वही काढा. काय काढायचे ते आधी पाड्यांवर जाऊन विचारा, आणि विचारताना म्हाताऱ्या धवलेरींना वगळू नका. झोपडीत चौक बायकाच काढत आल्या. कचेरीच्या भिंतीचे काम निघाले की निविदा भरायला मात्र पुरुषच दिसतात.