पंख वाकतो, पण पिळतो का?

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर आता शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहेत. विमान जोरात वळले की पडद्यावर पंखांची टोके वर वाकतात आणि पाहणारे म्हणतात, 'किती खरे वाटते!' इथे शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा. पंख वाकलेला दिसला खरा, पण त्यामुळे उड्डाणात काही फरक पडला का?

अमेरिकेच्या एफ/ए-18 हॉर्नेट विमानाचे उदाहरण घेऊ. 'डीसीएस वर्ल्ड' या सिम्युलेटरमध्ये त्याची एफ/ए-18सी ही आवृत्ती 2018 साली आली. खरे विमान प्रथम उडाले 1978 मध्ये. चाचण्यांत आढळले, की कमी उंचीवर, मोठ्या वेगात ते अपेक्षेइतके झटकन कूस बदलत नाही. पंख फार लवचीक होता, म्हणून तो पुढे अधिक ताठ करावा लागला.

असे का झाले? कूस बदलण्यासाठी एका पंखाच्या मागच्या कडेची एलेरॉन नावाची हलती फळी खाली करतात. त्या पंखाची उचल वाढते. पण हे जास्तीचे बल मागच्या बाजूला पडत असल्याने पंख पिळला जातो, त्याची पुढची कड खाली झुकते आणि उचल पुन्हा घटते. वेग दुप्पट झाला तर हवेचे बल चौपट होते. पंखाचा ताठपणा मात्र तेवढाच राहतो. एका विशिष्ट वेगाला एलेरॉनचा परिणाम शून्य होतो आणि त्यापुढे विमान उलट्या दिशेने कलते!

म्हणजे महत्त्वाचा आहे तो पीळ, आणि तो डोळ्यांना फारसा दिसत नाही. डौलात वाकणारे पंख दाखवून गणित मात्र ताठ पंखाचे करणारा सिम्युलेटर सुंदर चित्र देतो, एवढेच. याउलट, पंख ताठ दाखवूनही वेगानुसार एलेरॉनचा परिणाम घटवणारे साधे कोष्टक ज्यात आहे, तो अधिक खरा.

विद्यार्थ्यांना हे तपासता येईल. उंची तीच ठेवून वेगवेगळ्या वेगांना पूर्ण एक गिरकी घ्यायला लागणारे सेकंद मोजा आणि गिरकीच्या दराचा आलेख काढा. दर वेगाबरोबर चढतच राहिला, तर पंख ताठ धरला आहे असे समजावे. दर अडला किंवा घटला, तर मात्र घाई नको. हॉर्नेटमध्ये विमानातला संगणकही गिरकीला आवर घालतो. एका परिणामाची दोन कारणे असू शकतात, हेही यातून शिकवता येईल.

लवचीकता हा नेहमी दोषच असतो असेही नाही. 2002 साली नासाने मुद्दाम लवचीक केलेल्या पंखांचे एफ/ए-18 उडवले आणि पंखाचा पीळच कूस बदलण्यासाठी वापरून पाहिला. सिम्युलेटर विकत घेताना शाळेने चित्रांच्या देखणेपणापेक्षा अशा गोष्टींची चौकशी करावी.